आधी अभ्यास, मग ठराव : मेंढा (लेखा) ग्रामसभेची वाटचाल

गडचिरोलीहून धानोऱ्याला जाताना, धानोरा तीनेक किलोमीटरवर राहिले की मेंढा लागते. शंभरेक घरे, पाचशेच्या आसपास लोक, सारे गोंड. जवळून कठाणी नदी वाहते आणि शिवेला लागून बांबू, साग, ऐन, मोह, तेंदू, चार, बेहडा यांचे जंगल आहे. मेंढा हे लेखा या गट-ग्रामपंचायतीत मोडत आले, म्हणून बाहेर त्याला पुष्कळदा ‘लेखा-मेंढा’ म्हणतात. गावकरी मेंढा (लेखा) असेच लिहितात. इथेही तेच नाव ठेवले आहे.

या गावाबद्दल आजवर भरपूर लिहिले गेले. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावची’ या पुस्तकाने ते मराठी वाचकांच्या घराघरांत पोहोचले. तरीही वर्तमानपत्रांतल्या बातम्या बहुधा २०११ च्या बांबूविक्रीपासून सुरू होतात. ती विक्री मोठी घटना होती यात शंका नाही. पण तिच्या आधी पंचवीस वर्षे या गावातली माणसे संध्याकाळी एकत्र बसत होती, कायदे समजून घेत होती, जंगलात फिरून मोजमाप करत होती आणि सगळ्यांचे पटेपर्यंत थांबत होती. ग्रामसभेचा इतिहास हा मुख्यतः त्या बसण्याचा इतिहास आहे. पुढच्या पानांत नावे थोडी येतील. गस्तीला गेलेले, बैठकीला आलेले, दारूची मडकी बंद करायला पुढे झालेले, धानाचा वाटा कोशात टाकणारे असे जवळजवळ प्रत्येक घर या कामात आहे. त्यांतली दोन-चार नावे वेगळी काढणे बाकीच्यांवर अन्याय ठरेल.

पूर्वपीठिका : १९५० ते १९८०

स्वातंत्र्यापूर्वी हा मुलूख मध्य प्रांताच्या चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्ह्यातला, जमीनदारीचा. जंगल कागदावर जमीनदाराचे असले तरी गावाचा निस्तार चालत असे. घराला लागणारे लाकूड, कुंपणाला बांबू, जळण, चारा, मोहफुले, औषधी मुळ्या हे सारे निस्तारात येई. १९५० च्या कायद्याने जमीनदारी गेली आणि जंगल सरकारजमा झाले. पुढे ते राखीव ठरले. गावाच्या वहिवाटीची नोंद निस्तार पत्रकात राहिली, पण रोजच्या व्यवहारात जंगलात पाय ठेवायला कुणाची तरी मर्जी सांभाळणे आले. ज्या बांबूच्या टोपल्या आणि ताटव्यांवर संसार चालायचा, तोच बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी कागद उद्योगाला जाऊ लागला. गावाच्या वाट्याला आली कूपतोडीची मजुरी.

विकासाचेही तसेच. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने आणि १९६१ च्या जिल्हा परिषद कायद्याने महाराष्ट्रात पंचायत राज्याची घडी बसली आणि तिने राज्याला पुष्कळ दिले. पण गट-ग्रामपंचायतीतल्या लहान गावाला तिथे आवाज फार थोडा. सरपंच दुसऱ्या गावचा, ग्रामसेवक तालुक्याचा, योजना जिल्ह्याची. विहीर कुठे खोदायची, बोडी (लहान तळे) कुठे बांधायची हे ज्यांना तिचे पाणी प्यायचे त्यांना कुणी विचारत नसे. वर्षातून ज्या ग्रामसभा भरत त्या पंचायतीच्या गावी. मेंढ्याच्या बाईने धान कापायचे सोडून तिथे जावे असे काही त्या सभेत घडत नसे.

पहिले दशक : १९८० ते १९९०

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच सुमारास गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम ही मोठी धरणे बांधण्याचा विचार पुढे आला. हजारो हेक्टर जंगल आणि अनेक आदिवासी गावे पाण्याखाली जाणार होती. लालशाम शाह महाराज आणि बाबा आमटे यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभे राहिले आणि गावागावांतून माणसे पायी, बैलगाडीने निघाली. सरकारला प्रकल्प बाजूला ठेवावे लागले. मेंढ्यातले तरुण या आंदोलनात होते. देवाजी तोफा त्यांतलेच एक. आपण एकत्र उभे राहिलो तर दूरच्या राजधानीत ठरलेली गोष्टही थांबते हा अनुभव घेऊन हे तरुण गावी परतले. ग्रामसभेची पहिली शिदोरी ती.

आंदोलनातून दुसरा एक विचार निघाला : धरण थांबले, पण आपल्या रीतीभाती, आपले गोटूल, आपले एकत्र बसणे हे तर आधीच बुडायला लागले आहे. गोटूल म्हणजे गोंड गावातले तरुण मुलामुलींचे एकत्र राहण्या-शिकण्याचे घर. मेंढ्याने ते पुन्हा उभारायचे ठरवले आणि रीतीप्रमाणे जंगलातून सागाचे खांब आणले. वनखात्याने त्याला हरकत घेऊन बांधकाम पाडले. त्यावर आजूबाजूच्या गावांनी मिळून सभा घेतली, आणि एका गावचे गोटूल पाडले म्हणून अनेक गावांनी आपापली गोटूल उभारली. कुणी दगड उचलला नाही, कुणावर हात टाकला नाही. अखेर खात्याने पाऊल मागे घेतले. पुढे कित्येकदा कामी आलेली मेंढ्याची रीत इथे पहिल्यांदा दिसली : हक्काची गोष्ट उघडपणे, सगळ्यांनी मिळून, शांतपणे करायची आणि परिणामाला सामोरे जायचे.

१९८७ च्या सुमारास मोहन हिराबाई हिरालाल मेंढ्याला आले. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनातून आणि छात्र युवा संघर्ष वाहिनीतून घडलेला हा कार्यकर्ता ‘वृक्षमित्र’ या संस्थेच्या वतीने वनव्यवस्थापनातल्या लोकसहभागाचा अभ्यास करत होता. सगळ्यांच्या संमतीने निर्णय घेणारे गाव कुठे सापडते का, हा त्यांचा शोध होता. मेंढ्यात त्यांना तशी माणसे भेटली. मोहनभाऊंचे मोठेपण हे की ते गावाचे पुढारी झाले नाहीत. आपण सहयोगी मित्र आहोत, माहिती देऊ, प्रश्न विचारू, सोबत बसू. निर्णय मात्र गावाने घ्यायचा, ही मर्यादा त्यांनी शेवटपर्यंत पाळली. बाहेरून येणारा कार्यकर्ता निघून गेला की काम बसते, हे आपण महाराष्ट्रात शेकडो ठिकाणी पाहिले आहे. मेंढ्यात ते झाले नाही याचे मोठे श्रेय या मर्यादेला आहे.

इथून ‘अभ्यास गट’ सुरू झाले, आणि संस्थेच्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. ज्यांना एखाद्या विषयात रस असेल त्यांनी एकत्र यावे. गावचे यावेत, बाहेरचा जाणकार बोलवावा, शिकलेले-न शिकलेले सगळे असावेत. जंगलाचा कायदा काय म्हणतो, निस्तार पत्रकात आपल्या नावावर काय लिहिले आहे, पक्षी कोणते, मधमाशी कशी जगते, रोजगार हमीचे मोजमाप कसे घेतात, असे विषय निघत. अभ्यास गटाने निर्णय घ्यायचा नाही, हा नियम. गटात कुणीही काहीही विचारावे, आज एक म्हणावे, उद्या दुसरे म्हणावे. तिथे हार-जीत नाही. विषय पिकला की तो ग्रामसभेसमोर जातो आणि निर्णय तिथे होतो. अभ्यास आणि अधिकार अशा दोन जागा वेगळ्या ठेवल्यामुळे ग्रामसभेत येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नसे.

ग्रामसभेचे नियमही याच काळात घडत गेले. ती गावातच भरेल. प्रत्येक घरातून किमान एक पुरुष आणि एक बाई यावी. निर्णय सर्वसहमतीने होईल. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा, त्याचे म्हणणे समजून घ्यायचे, पुन्हा बसायचे. बहुमताने चालणाऱ्या सभेत ज्यांची संख्या कमी त्यांना गप्प बसवता येते. सर्वसहमतीत त्यांचे म्हणणे ऐकावेच लागते. याला वेळ लागतो. काही विषय महिनोन्महिने चालले. पण एकदा ठरले की राबवायला पोलीस लागत नाही, कारण ठरवणारे आणि पाळणारे तेच. मतभेद झालेच, जे कुठल्याही जिवंत गावात होतात. ते त्याच बैठकीत बसून सुटले.

बायांचा सहभाग हा या नियमांचा जीव आहे. दारूचा प्रश्न पहिल्या मोठ्या निर्णयांपैकी. देवपूजेत मोहाच्या दारूला स्थान, म्हणून विषय अवघड होता. देवाचे देवाला आणि संसाराचे संसाराला, असा विचार करत करत गाव दारू गाळणे-विकणे बंद करण्यावर आले, आणि तो ठराव टिकवला तो बायांनी. १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात शासनाने दारूबंदी लागू केली, तोपर्यंत मेंढ्याने आपला निर्णय आपणच घेतला होता.

‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या वर्षांतली. पुढे ती देशभर गाजली. तिचा पहिला भागही तितकाच नीट वाचावा असे वाटते : दिल्ली-मुंबईचे सरकार हे आमचेच आहे, असे गाव म्हणते आहे. भांडण फक्त गावच्या पातळीवरचा निर्णय कुणी घ्यायचा यापुरते आहे.

दुसरे दशक : १९९० ते २०००

हे दशक जंगलाचे. गावाने वनसुरक्षेचे काम अंगावर घेतले. पाळीपाळीने घरातली माणसे गस्तीला जाऊ लागली. फळांसाठी झाड किंवा फांदी तोडायची नाही, जंगलात नवे अतिक्रमण करायचे नाही, घरासाठी लागेल तेवढेच लाकूड ग्रामसभेला सांगून आणायचे, बाहेरच्याने परवानगीशिवाय काही न्यायचे नाही. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवायची जुनी सवय असते. त्यातून वणवा लागतो. त्यावरही गाव बोलले आणि आळा बसला.

मधाचा अभ्यास गट इथे सांगायला हवा. आग्या मोहोळाचे पोळे रात्री जाळून मध काढायची पद्धत होती. माश्या मरत, पिल्ले मरत, पुढच्या वर्षी तिथे पोळे लागेल याची खात्री नसे. गटात माशीच्या आयुष्याची माहिती घेतली गेली, जाणकार आले, अंगभर संरक्षक कपडे घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा आणि पिल्लांचा भाग तसाच सोडायचा ही रीत शिकून घेतली. त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू लागला. मधासारख्या एका लहान वस्तूपासून गावाने शिकलेली गोष्ट पुढे बांबूच्या वेळी उपयोगी पडली : जे घ्यायचे ते उरेल असे घ्यायचे.

१९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय काढला. ती योजना मुख्यतः उजाड झालेल्या वनांसाठी. मेंढ्याचे जंगल तर उभे होते, दाट होते, म्हणून ते योजनेत बसेना. गावाचा सवाल सरळ होता. ज्यांनी जंगल राखले त्यांना व्यवस्थापनात जागा नाही आणि जिथे ते संपले तिथेच लोकांना बोलवायचे, हे कसे? पाठपुराव्याची वर्षे गेली, अखेर चांगल्या, उभ्या जंगलासाठीही मेंढ्याला या योजनेत घ्यावे लागले. कागद कारखान्याला जाणाऱ्या बांबूलाही गावाने हरकत घेतली. वनखात्यातले काही अधिकारी या काळात गावाचे खरे साथीदार झाले, हेही नोंदवले पाहिजे. बैठकीला बोलावले तर जमिनीवर येऊन बसणारे अधिकारी मेंढ्याला वेळोवेळी भेटले.

विकासाचे नियोजन गावात व्हायला सुरुवात झाली तीही या दशकात. सिंचनाची, माती-पाणी अडवण्याची, गोबरगॅसची कामे ग्रामसभेत ठरून येऊ लागली. खात्याची योजना आली की पहिला प्रश्न असे, हिची आपल्याला गरज आहे का. नसेल तर नम्रपणे नको म्हणायचे. फुकट मिळते म्हणून घेतलेल्या वस्तूची पुढे कोणी काळजी घेत नाही, हे गावाला उमगले होते. ग्रामसभेचा स्वतःचा कोश उभा राहिला. मजुरीतून ठराविक वाटा त्यात येऊ लागला. कोशामुळे प्रवासाचा, पत्रव्यवहाराचा, अडल्या-नडल्याचा खर्च भागू लागला आणि गावाला कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही.

दरम्यान दिल्लीत दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि ग्रामसभा हा शब्द राज्यघटनेत आला. २४ डिसेंबर १९९६ रोजी अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार कायदा, म्हणजे पेसा, झाला. त्यात गावाची व्याख्या वस्ती आणि तिथला समुदाय यांवरून केली आहे. पंचायतीच्या हद्दीवरून नाही. मेंढ्यासाठी हा आनंदाचा क्षण होता. जे गाव नऊ-दहा वर्षे आपापले करत होते त्याला कायद्याने नाव दिले.

तिसरे दशक : २००० ते २०१०

बाहेरून पाहणाऱ्याला ही वर्षे संथ वाटतील. बैठका चालू राहिल्या, गस्त चालू राहिली, नवी पिढी अभ्यास गटांत बसू लागली. बाहेरून अभ्यासक, विद्यार्थी, पत्रकार येऊ लागले. त्यांनी ग्रामसभेची परवानगी घेऊन काम करावे ही अपेक्षा गावाने ठेवली.

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला आणि १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले. त्यात घराच्या आणि शेताच्या वैयक्तिक हक्कांबरोबर सामूहिक वनसंसाधनाचा हक्क आहे. परंपरेने जे जंगल गाव वापरत आणि राखत आले ते सांभाळण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क. देशभर बहुतेक ठिकाणी दावे पडले ते घरच्या शेताचे. मेंढ्याने पहिला विचार केला तो अख्ख्या जंगलाचा.

दाव्याची वाट लांब आहे. आधी ग्रामसभेने वनहक्क समिती नेमायची, समितीने पुरावे गोळा करायचे, नकाशा काढायचा, ग्रामसभेने ठराव करायचा, मग तो उपविभागस्तरीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जाणार. बाकी गावे या कामाला अडखळली, कारण एकदम इतके कागद कुठून आणायचे? मेंढ्यात निस्तार पत्रक कपाटात होते. शिवेवरची प्रत्येक खूण वृद्धांना पाठ होती, आणि गस्तीमुळे तरुणांनाही. ठरावाची वही वीस वर्षे चालू होती. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारच्या मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगल आले. देशात असा हक्क पहिल्यांदा मिळवणाऱ्या गावांत ही दोन गावे आहेत.

चौथे दशक : २०१० ते २०२०

हक्काचा कागद हाती आला आणि खरी परीक्षा सुरू झाली. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबू हे गौण वनोपज आहे आणि ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. पण १९२७ चा वन कायदा बांबूला झाडाच्या रांगेत बसवत आलेला. जंगलातून बांबूची मोळी बाहेर काढायची तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो वनखाते देणार. म्हणजे बांबू गावाचा, पण शिवेबाहेर नेता येत नाही. अशा हक्काने कुणाची चूल पेटणार? ग्रामसभेने अर्ज केले, कायद्याची कलमे दाखवली, पुन्हा अर्ज केले. बांबू उघडपणे विक्रीला काढून प्रश्न ऐरणीवर आणला.

केंद्रीय पर्यावरण आणि वनमंत्री जयराम रमेश यांनी मार्च २०११ मध्ये सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज मानावा असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. परवाना देण्याचा अधिकार आता ग्रामसभेकडे. त्या दिवशी गावात किती गाड्या आल्या याच्या कहाण्या अजून सांगितल्या जातात. पण पुस्तक हाती आल्यावर ग्रामसभेने लगेच कुऱ्हाड उचलली नाही, हे मला जास्त मोलाचे वाटते. आधी अभ्यास गट बसला. एका बेटात किती बांबू आहेत, त्यांतले किती जुने, यंदाचे वास्ते (कोवळे कोंब) किती, किती सोडले तर बेट टिकेल, तोड कुठल्या महिन्यात थांबवायची, हे ठरले. मग निविदा निघाली, तीही ग्रामसभेच्या नावाने. पॅन क्रमांक काढणे, बँक व्यवहार, कर, मजुरांची हजेरी, बंडलांची मोजणी ही कामे गावातल्या मुलांनी शिकून घेतली. सुरुवातीच्या हंगामांतच विक्री कोटीच्या घरात गेली. तोडणीची मजुरीही गावातच राहिली, आणि पूर्वीपेक्षा चांगल्या दराने.

त्या पैशाचे काय करायचे, यावर सभांमागून सभा झाल्या. वाटून घेण्याचा सोपा मार्ग होता. ग्रामसभेने मजुरी चोख देऊन उरलेला पैसा कोशात ठेवला आणि जंगलाच्या व गावाच्या कामाला लावला. रोजगार हमीच्या कामांसाठी ग्रामसभेलाच अंमलबजावणी यंत्रणा म्हणून मान्यता मिळाली, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. शेताची बांधबंदिस्ती, माती-पाण्याची कामे, जंगलातली कामे गावाने आखली, गावाने मोजली, गावाने केली. वर्षभराच्या कामाची यादी गावात तयार होणे आणि तिच्यावर खर्चाचा अधिकारही गावाकडे असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हा नियोजन खरे होते. नुसती यादी मागवण्याचा कार्यक्रम तर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

४ मार्च २०१४ रोजी महाराष्ट्राचे पेसा नियम निघाले आणि पाड्यांनाही स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची, ग्रामसभेने स्वतःचा कोश ठेवण्याची वाट मोकळी झाली. २०१५ मध्ये आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यायचा निर्णय झाला. त्याच वर्षी ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमातून राज्यभर गावोगावचे आराखडे बनू लागले. या सगळ्या धोरणांच्या चर्चेत मेंढ्याचा दाखला वारंवार दिला गेला. जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने बांबूच्या आधारावर आपले स्वराज्य उभे केले. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. त्यांतले श्रेय त्या त्या गावांचे आणि त्यांच्या सोबत उभ्या राहिलेल्या संस्थांचे आहे. मेंढ्याचा वाटा इतकाच की पहिली पायवाट त्याने पाडली, आणि जो विचारायला आला त्याला आपल्या ठरावांच्या वह्या उघडून दाखवल्या. २०१६ मध्ये मोहनभाऊंना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. त्यात मेंढ्याचाही सन्मान होता.

या दशकातला सर्वांत धाडसी निर्णय अजून सांगायचा राहिला आहे. २०१३ मध्ये गावाने आपली सगळी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करून ग्रामदानी गाव होण्याचे ठरवले. विनोबांच्या चळवळीतून आलेला महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४ सालचा. त्यानुसार जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते. कसणे आणि वारसा कुटुंबाकडेच राहतो. जमीन गावाबाहेर विकली जाऊ शकत नाही. रस्ते रुंद होत होते, खाणींची चर्चा जिल्ह्यात वाढत होती, आणि कर्जात सापडलेल्या घराची जमीन हळूच बाहेरच्याच्या हाती जाते, हे आदिवासी भागातले जुने दुखणे आहे. जंगल तर सांभाळले. शेत एकेकट्याने राखता येणार नाही, म्हणून तेही एकत्र राखू, असा विचार गावाने केला. ज्यांची जमीन जास्त त्यांनीही सही केली. पन्नास वर्षे जुना, जवळजवळ विसरला गेलेला कायदा एका गोंड गावाने पुन्हा काढून वाचला आणि स्वतःला लागू करून मागितला. ग्रामसभेच्या आजवरच्या ठरावांत मला हा सर्वांत मोठा वाटतो.

२०२० नंतर

ग्रामदानाच्या पुढच्या सरकारी प्रक्रियेला मात्र फार वेळ लागला. जुन्या कायद्याखाली कोणत्या कार्यालयाने कोणता कागद करायचा, हेच धूसर झालेले. पत्रे, भेटी, निवेदने यांची वर्षे गेली आणि गावाला न्यायालयाचे दारही ठोठावावे लागले. ग्रामदानाने मेंढ्याच्या ग्रामसभेला स्वतःच्या गावापुरते पंचायतीचे अधिकार मिळतात, म्हणून या पाठपुराव्याकडे गडचिरोलीतल्या इतर ग्रामसभाही लक्ष ठेवून होत्या.

जानेवारी २०२५ मध्ये मोहन हिराबाई हिरालाल गेले. अडतीस वर्षे ते या गावाचे मित्र होते. देवाजी तोफा आणि त्यांच्या बरोबरीची पिढी आता वयस्क झाली आहे. बैठकीत समोरच्या रांगेत आता त्या पिढीची मुले आणि सुना दिसतात. हिशेब, संगणक, नकाशे, कायद्याची परिपत्रके ही कामे त्यांच्याकडे आहेत. त्यांच्यासमोरचे प्रश्नही वेगळे आहेत. शिकलेल्या मुलामुलींना गावात राहून काय काम करता येईल? बांबूच्या बेटांना फुलोरा येऊन ती वाळली तर नवी बेटे वाढेपर्यंतची वर्षे कशी काढायची? बांबू कच्चाच विकण्याऐवजी त्याच्यावर गावात प्रक्रिया करता येईल का? मोहफुले आणि हिरडा-बेहड्याला बरा भाव कसा मिळवायचा? हे विषय आज अभ्यास गटांसमोर आहेत.

ग्रामसभेची कामकाजाची पद्धत बदललेली नाही. प्रत्येक घरातून बाई आणि पुरुष येतात, विषय वाचले जातात, ज्याला पटले नाही तो सांगतो. वनव्यवस्थापनाचा आराखडा, रोजगार हमीची कामे आणि ग्रामकोशाचा वार्षिक हिशेब हे तिन्ही याच सभेसमोर मांडले जातात. ग्रामदानाच्या प्रक्रियेतले कागद जसजसे आले तसतसे तेही सभेत वाचून दाखवले गेले आणि त्यांवरचे उत्तर सर्वसहमतीने ठरले.